हळू यंत्राची कांडी

"अण्णा, मी कोण? सांगा ना... मी कोण?"

म्हातारा धुनीकडे बघत राहिला.

"इकडे बघा. नीट बघा माझ्याकडे. मी कोण?"

म्हाताऱ्याने बघितलं. ओठ हलले, पण शब्द आला नाही. मग त्याने मान खाली घातली आणि शर्टाचं बटण चाचपत बसला, गृहपाठ न केलेल्या पोरासारखा.

दारात सहजनाथबाबा उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"आदेश," ते म्हणाले. नाथांच्या मठात नमस्कार नसतो, रामराम नसतो. येणाऱ्यालाही आदेश आणि जाणाऱ्यालाही आदेश.

"आदेश, बाबा." तरुण घाईने उठून पाया पडला.

"माझा जलम गेला या मठात," बाबा म्हणाले. "मी कोण, मी कोण, ह्येच इचारायला माणसं लांबून लांबून डोंगर चढून येतेत. पर ती मला इचारतेत. तू बापाला इचारायलास."

तरुण हसला नाही. हसण्यासारखी त्याची स्थिती नव्हती.

त्याचं नाव हेमराज डोईफोडे. पुण्यात संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. हुशार, आणि ते त्याला ठाऊक. कुठलीही अडचण समोर आली की जेवणाआधी सोडवून टाकायची, ही त्याची ख्याती होती आणि ती त्याने स्वतःच चार लोकांना सांगितलेली होती.

म्हातारा म्हणजे त्याचे वडील, रंगनाथअण्णा. तालुक्याच्या एसटी स्थानकात नियंत्रक होते. खिडकीत बसून कर्ण्यावरून गाड्या पुकारायचे. काय आवाज होता! झोपलेला प्रवासी दचकून उठायचा आणि नेमका आपल्याच गाडीत जाऊन बसायचा. परळीची गाडी कुठे लागते हे सगळ्या तालुक्याला ज्याने सांगितलं, त्याला आता घरातली मोरी सापडत नव्हती.

दिवाळीनंतर कधीतरी मुलाचं नावही गेलं.

तेव्हापासून हेमराज विचारत होता. सकाळी उठल्यावर विचारायचा, ताटावर बसल्यावर विचारायचा. विचारत राहिलं की आठवेल, असं त्याला वाटत होतं. अण्णा मात्र प्रश्न आला की आणखी आत जायचे.

"बाबा, मला मंत्र द्या," हेमराज म्हणाला. "अंगारा द्या, काहीही सांगा, मी करीन. अण्णांनी मला एकदा ओळखायला पाहिजे. बस्स... एकदा."

"आन् न्हाई वळखलं तर?"

हेमराजने वडिलांकडे एकवार बघितलं. अण्णा बटणातच गुंतले होते.

"अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था आहे, बाबा. चांगली आहे, स्वच्छ आहे. सोमवारी तिथे जागा होतेय." तो थांबला. "ओळखतच नसतील तर मी जवळ असलो काय आणि नसलो काय... त्यांना फरक पडत नाही."

हे वाक्य तो गाडी चालवताना घोकत आला असावा. गाडीत ते ठीक वाटलं असेल. मठाच्या गारव्यात ते त्याचं त्यालाच कानाला लागलं.

बाबांनी धुनीतलं एक लाकूड पुढे सारलं.

"तू कंपूटरवाला ना रं?"

"हो."

"मग आधी माझं एक काम कर. तुझं मग बघू."

हेमराजच्या कपाळाला आठी पडली. माणूस आपलं दुःख घेऊन येतो आणि समोरचा म्हणतो, आलाच आहात तर आमचा तेवढा संगणक बघता का. या धंद्यातल्या माणसांची यातून लग्नात सुटका नाही आणि मयतीतही नाही. पण गुरूपुढे नाही कसं म्हणायचं? तो उठला. अण्णांना हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि खांबाशी सतरंजीवर बसवलं.

संगणक कुणा भक्ताने दिलेला होता, म्हणजे नवा घेतल्यावर जुना देवाला वाहिलेला. बाबांचे डोळे अधू झाल्यापासून मठातल्या पोथ्यांचे फोटो त्यात घालून ठेवले होते. बाबा एकेक पान पडद्यावर मोठं करून वाचायचे. पण पान म्हणून लवकर येईल तर शपथ. पडद्यावर गोल फिरत राहायचं आणि बाबा जप करत बसायचे. जप वाढला, वाचन राहिलं.

"ह्याला गतीच न्हाई," बाबा म्हणाले.

"देतो गती."

"आरं, सावकाश! मठात गती दिली म्हंजी माणूस गेला. जरा पळतं कर, येवढंच म्हणायलोय. सद्गती नको देऊस बिचाऱ्याला."

आल्यापासून पहिल्यांदाच हेमराजला थोडं हसू आलं.

त्याने यंत्र उघडून आत काय आहे ते बघितलं. जुनं होतं. कामापुरतं हाताशी धरायला यंत्राकडे जागाच थोडी होती, आणि वाढवावी तर तसा भाग आता बाजारात मिळत नव्हता. मग त्याने किल्ल्यांच्या जुडग्यातला पेनड्राइव्ह सोडवला आणि यंत्राच्या कुशीत खोचला.

"ह्या कांडीत काय हाय?"

"काही नाही. रिकामा आहे."

"रिकाम्यानं काय व्हतंय?"

"बघा तुम्ही."

चार ठिकाणी खुणा केल्या, एका जागी होकार दिला. रेडीबूस्ट म्हणतात याला, असं हेमराज पुटपुटला. बाबांनी तो शब्द एकदा उच्चारून बघितला आणि सोडून दिला.

पोथी उघडली. गोल फिरू लागलं... फिरत राहिलं.

"फरक न्हाई पडला."

"पहिल्यांदा नाही पडणार, बाबा. थोडा वेळ द्या. सारखं काय लागतं ते त्याला कळायला हवं."

"कळंल?"

"कळेल. वापरत राहायचं. कंटाळायचं नाही."

बाबांनी पोथी मिटली, उघडली. पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. हेमराज शेजारी शांत बसून होता. यंत्रापाशी त्याला कसलीच घाई नसायची. खांबाशी अण्णा मधूनच "परळी... परळी..." असं काही म्हणत होते.

आणि एका खेपेला पान आलं. फिरणं नाही, थांबणं नाही. पान समोर!

बाबा मागे सरले. दोन्ही हात आपोआप जोडले गेले.

"आलं की रं... मागितल्या मागितल्या आलं!"

त्यांनी ते पुन्हा करून बघितलं. पुन्हा आलं. जन्मभर चमत्काराच्या गोष्टी ऐकलेला आणि त्यांतल्या बऱ्याचशा न पटलेला हा माणूस, बोटाएवढ्या त्या कांडीकडे डोळे विस्फारून बघत होता. आश्चर्य वाटायला बाबांना वयाची अडचण नव्हती. खरं तर मठात लोक त्यासाठीच त्यांच्याजवळ बसत.

"काय केलं हिनं? मला नीट सांग."

हेमराज खुलला. "बाबा, यंत्राच्या आत एक चकती असते. सगळं तिच्यात साठवलेलं. ती गरागरा फिरते, शोधते, तेव्हा कुठे हवं ते सापडतं. म्हणून वेळ लागतो. ही कांडी काय करते, जे सारखं लागतं त्याची नक्कल स्वतःजवळ धरून ठेवते. यंत्राला लागलं की लगेच हातात देते. लांब जावं लागत नाही."

"मंजी तिचं सोताचं काई न्हाई."

"काही नाही. यंत्राचंच यंत्राला देते."

"आन् उपटली तर?"

"काहीच जात नाही, बाबा. मूळ सगळं आत जिथल्या तिथे असतं. फक्त पुन्हा हळू होतं."

बाबांचा हात माळेवर थांबला.

"हळू झालं तरी... सगळं आत आसतंय?"

"असतं ना. सगळं असतं."

बाबांनी दोन मणी ओढले. मग त्यांचं लक्ष हेमराजच्या पिशवीतून डोकावणाऱ्या लॅपटॉपकडे गेलं.

"तुझ्या यंत्राला लाव बघू ही."

"माझं घेणार नाही, बाबा."

"का?"

"नवं आहे. ते स्वच्छ सांगतं, की हा संगणक पुरेसा वेगवान आहे, याचा उपयोग होणार नाही." सांगताना त्याची मान जराशी ताठ झालीच.

"मंजी कांडी हळू यंत्राचीच."

"हो."

"बरं..." बाबांनी एक बोट त्या कांडीवर अलगद ठेवलं, देवाच्या पायाला लावावं तसं. "आन् ही यंत्राला इचारत न्हाई? सांग, तुला आठवतंय का, म्हणून?"

"विचारत कशाला बसेल? काय लागणार ते ओळखून ती आधीच..."

हेमराजचं वाक्य तिथेच राहिलं.

बाबा पडद्याकडे वळून पोथी वाचू लागले. जणू त्यांनी काही विचारलंच नव्हतं.



तेवढ्यात अण्णा चुळबुळले. सतरंजीवर इकडे बघ, तिकडे बघ करू लागले. काहीतरी हरवलं होतं, आणि काय हरवलंय तेही हरवलं होतं. चेहरा कावराबावरा झाला.

हेमराज धावला. सवयीने तोंडातून निघालंच, "अण्णा, इकडे बघा, मी को..."

आणि जीभ अडली.

अण्णांनी मान खाली घातली होती. हात बटणाकडे निघाला होता. दिवाळीनंतर हे रोज घडत होतं आणि हेमराजने आज पहिल्यांदा बघितलं. आपला बाप आपल्याला घाबरतो.

तो खाली बसला. अण्णांचा हात बटणापर्यंत पोचायच्या आत त्याने तो आपल्या हातात घेतला.

"अण्णा... मी हेमराज."

अण्णांनी वर बघितलं.

"तुमचा मुलगा. हेमराज."

... ...

अण्णांच्या कपाळावरची एक एक सुरकुती सैल झाली. पाठ ताठ झाली. त्यांनी घसा साफ केला, आणि त्या वाळक्या देहातून तो आवाज आला. स्थानकातला, कर्ण्यावरचा.

"हेमराज आलेला आहे... हेमराज आलेला आहे."

बाहेर अंगण झाडणारी बाई केरसुणी हातात धरून तशीच उभी राहिली. 

ओळखलं, की कानावर पडलेलं नुसतं पुकारलं? सांगता येणार नाही. हेमराजनेही विचारलं नाही. तो तोंडाला रुमाल लावून रडत होता, आणि रडताना हसतही होता.

मग अण्णा त्याच्याकडे झुकले. आवाज एकदम लहान झाला. फार दिवस पोटात ठेवलेली लाजिरवाणी गोष्ट सांगावी, तसं त्यांनी कानाशी विचारलं.

"आणि... मी? मी कोण?"

पडद्यावरून बाबांची नजर उठली.

हेमराजने डोळे पुसले. या प्रश्नाला काय उत्तर असतं, हे त्याने कुठल्या ग्रंथात वाचलेलं नव्हतं. त्याच्याजवळ जे होतं ते त्याने दिलं.

"तुम्ही अण्णा. रंगनाथ डोईफोडे. सगळ्या तालुक्याला गाड्या सांगायचात. तुमच्यामुळे कुणाची गाडी चुकली नाही. तुम्ही माझे वडील. माझ्याकडे राहता."

"राहतो ना?"

"राहता."

अण्णा थांबले. आत कुठेतरी काहीतरी फिरत होतं, शोधत होतं. सावकाश.

"सोमवारी?"

अण्णांनी ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं.

"सोमवारीसुद्धा, अण्णा... सोमवारीसुद्धा."

"बरं झालं सांगितलंस." अण्णांनी खांबाला पाठ टेकली आणि डोळे मिटले. हात मात्र मुलाच्या हातातच राहू दिला.



मग सहजनाथबाबा आसनावरून उठले. भिंतीचा आधार घेत आले आणि हेमराजच्या समोर, त्या उघड्या जमिनीवर बसले. ज्यांच्यापुढे सगळा मठ वाकायचा, त्यांनी हात जोडले. 

"बाबा, हे काय..." हेमराज गडबडला. एक हात अण्णांच्या हातात, त्यामुळे त्याला धड उठताही येईना.

बाबांनी हात तसेच जोडलेले ठेवले.

"आता माझं सांग, लेकरा. मी कोण?"