शेवटची मेख

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा डोंगरांना नावंही नव्हती. त्यातला एक डोंगर इतका उंच, की त्याचं शिखर महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या वेळी दिसायचं, आणि दिसलं की लोक हातातलं काम टाकून बघत राहायचे.

त्याचा शेवटचा कडा भिंतीसारखा सरळ होता. पायथ्याच्या गावाची रीत अशी, की चढणाऱ्याने आधीच्यांनी ठोकलेल्या लोखंडी मेखांवर पाय देत जायचं, सगळ्यांत वर आपली एक मेख ठोकायची आणि परत यायचं. परतणाऱ्याला कुणी हसत नसे. "मेख बसली का नीट?" एवढंच विचारत. पिढ्या गेल्या, मेखा वर सरकत राहिल्या.

मग राजाने दवंडी पिटवली, "जो शिखर गाठेल, त्याचं नाव डोंगराला देऊ!"

गावातला एक तरणाबांड गडी निघाला. अंगात बळ होतं, डोक्यात हवा त्याहून जास्त. चढता चढता त्याच्या मनात आलं, उद्या दुसराही असाच येईल, मग माझ्या नावाची किंमत काय? म्हणून तो वर पाऊल टाकी आणि खालची मेख उपटून फेकून देई. उतरायचं पलीकडून, असं त्याने ठरवलं होतं. पलीकडची बाजू कुणी पाहिलेली नव्हती, पण हा खुशाल ती सोपी धरून चालला होता. शेवटी आपली मेख ठोकून त्याने शिखर गाठलं आणि राजाला दाखवायला तीही उपटून कमरेला खोचली.

मग त्याने पलीकडे डोकावलं. तिकडेही तुटलेला कडा, खाली धुकं. गडी मटकन खाली बसला.

इकडे पायथ्याशी मेखा खणखणत पडल्या. गुरं राखणाऱ्या एका बाईने त्यांतली आपल्या वडिलांची मेख ओळखली आणि काय झालं ते तिला कळलं.

"करावं तसं भरावं," लोक म्हणाले. "बसू दे तिथंच!"

"उपटल्या ती त्याची करणी," बाई म्हणाली. "माझ्या बापानं मेख ठोकली ती माणूस वर जावा म्हणून, तसा खाली यावा म्हणूनही. मी चालले."

मेखा झोळीत भरून ती एकेक ठोकत चढू लागली. हात सोलले, तिने पदराच्या चिंध्या गुंडाळल्या. वारा उठला की ती कड्याला चिकटून राही, वारा पडला की पुढची मेख ठोकी. शिखर अगदी जवळ आलं आणि झोळी रिकामी झाली.

"एक मेख कमी पडतेय रे!" ती ओरडली.

गड्याचा हात कमरेकडे गेला. तेवढाच त्याचा पुरावा होता. क्षणभर तो घुटमळला. मग त्याने पागोटं सोडलं, त्याच्या टोकाला मेख बांधली आणि खाली सोडली.

बाई वर आली. शिखरावर दोघांना पुरेल एवढी जागा होती. तो रडू लागला, तशी तिने कमरेची भाकरी सोडली. "आधी खा," ती म्हणाली.

दरबारात राजाने गड्याला विचारलं, "पुरावा कुठे आहे?"

"कड्यातच राहिला, महाराज. त्याच्यावर पाय देऊन तर उतरलो."

"बरं, डोंगर उंच किती?"

"चढताना वाटलं, माझ्याएवढा. उतरताना एकेका मेखेवर पाय दिला तेव्हा कळलं, त्या ठोकणाऱ्या सगळ्यांएवढा."

डोंगराला नाव द्यायचं राहून गेलं. गड्यानेही कधी मागितलं नाही. पुढे जो कुणी चढायला निघे, त्याच्या मेखा तो आपल्या हाताने घडवून देई.

तात्पर्य : ज्या आधाराने आपण वर चढलो तो उपटणारा आपलीच परतीची वाट मोडतो.