रंगाऱ्यांनी स्वतःच लिहिलेला नियम

पूर्वी वेत्रावती नगरीत सुकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. राज्य राजा करीत असे, असं म्हणायची पद्धत आहे. आपणही तसंच म्हणू.

नदीकाठी रंगाऱ्यांची कुंडं होती. त्यांतलं उरलेलं पाणी नदीत जाई. खालच्या अंगाला कोळ्यांचं गाव. एकदा चंपका कोळीण मेलेल्या माशांची पाटी घेऊन दरबारात आली.

"महाराज, आणखी एक महिना बघू. नाहीतर गाव उठवू. सात पिढ्यांचं गाव हो!"

राजा हळहळला. तोच रंगाऱ्यांचा मुखिया मणिभद्र पुढे झाला. रंगारी सैन्याचे तंबू फुकट रंगवून देत, त्यामुळे त्याला पुढे व्हायला परवानगी लागत नसे.

"नियम हवाच, महाराज! आम्हीच लिहून आणतो. तुम्हाला कशाला तसदी?"

तिसऱ्या दिवशी आणलासुद्धा. 'रंगाऱ्यांनी जमेल तेव्हा, जमेल तितका, रंग कमी सोडावा.' राजाला भाषा फार आवडली.

मणिभद्र अमात्याच्या कानाशी लागला. "एक आमराई तुमच्या नावावर करतो. म्हातारपणी सावली होईल."

"टक्कल पडून झालं, आता सावली कशाला?" बोधिसत्त्व म्हणाला. मग मोठ्याने विचारलं, "श्रेष्ठी, पाणी खरंच बिघडत नाही ना?"

"छे हो! निळीने उलट पोट साफ राहतं."

"वा! मग एक ओळ घालू. प्रत्येक रंगाऱ्याने घरचं नि धंद्याचं पाणी आपल्याच कुंडांच्या खालच्या अंगाला नदीतून भरावं."

राजा हसला. म्हणून दरबार हसला, मणिभद्रही हसला. शिक्का बसला.

आठवड्यात पिवळी वस्त्रं शेवाळी निघू लागली. मणिभद्राच्या घरचा भात निळा झाला नि बायकोने बोलणं टाकलं.

"महाराज, ती ओळ काढा!"

राजाने अमात्याकडे पाहिलं.

"रंगाऱ्यांनी मागितलेला नियम बारा वर्षं बदलायचा नाही," बोधिसत्त्व म्हणाला, "हा जुना नियमही यांनीच पूर्वी लिहून आणलेला. अक्षर मात्र सुरेख आहे."

मग रंगाऱ्यांनी निमूट खड्डे खणले, वाळू घातली, रंगाचं पाणी त्यांतच मुरवलं. महिन्याच्या आत नदी निवळली. चंपकेने होडीत भरलेली भांडी परत चुलीशी मांडली.

आपल्या मागल्या जन्माची एवढी गोष्ट सांगून शास्ता भिक्षूंना म्हणाले, "चंपका ती आजची भिक्षुणी उत्पलवर्णा. राजा तो आनंद. तेव्हाही सगळ्यांनाच 'हो' म्हणायचा. मणिभद्र देवदत्त, हे तुम्ही ओळखलंच असेल. अमात्य मी."

ही प्रज्ञापारमिता, म्हणजे शहाणपणाची पराकाष्ठा. लोभ्याचं मन वळायची वाट बघत बसलं, तर गाव उठतं. त्याचं पाणी वळवलं की पुरतं.