काल्तास्पीनाचा विस्तव

“रविवारी प्रार्थना संपल्यावर एक वाक्य जास्त बोलायला तुमचं काय जातं?” सांतिनाने विचारलं.

मठातले म्हातारे साधू फ्रा सिल्वेस्त्रो स्वयंपाकघरात हरभरे निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठलं वाक्य?”

“कुंभारआळी रिकामी करा. बस.”

“ते तर तू आल्यापासून सांगते आहेस.”

“माझं ऐकतंय कोण?”

म्हाताऱ्याने एक खडा वेचून बाजूला टाकला आणि पुढचा शोधू लागला. सांतिनाला वाटलं, ही परातच उचलून खिडकीबाहेर भिरकवावी.

सिसिली बेटाच्या पोटात, समुद्रापासून दूर, एका उघड्या टेकडीच्या माथ्यावर काल्तास्पीना गाव बसलं आहे. तीन बाजूंना तुटलेले कडे, चौथ्या बाजूने खेचरांची नागमोडी वाट. खाली गव्हाचं मैदान, खाऱ्या पाण्याची नदी आणि रेल्वेचं स्टेशन. माथा चुनखडीचा, टणक. त्याच्या खाली मात्र सगळी निळसर चिकणमाती. कुंभारआळी नेमकी त्या मातीच्या उतारावर. कुंभार पिढ्यान्‌पिढ्या घरामागचीच माती खणून मडकी घडवत आले. ज्यावर उभे होते तेच विकत आले, म्हणा ना.

सांतिना त्याच आळीतली. तिला अक्षरं शिकवली ती याच फ्रा सिल्वेस्त्रोंनी, याच स्वयंपाकघरात. पुढे ती कातानियाच्या कॉलेजात भूगोल शिकली. गावातून इतकं शिकलेली तीच पहिली.

गेल्या हिवाळ्यातल्या पावसात आळीतलं शेवटचं घर रात्रीतून घसरून उताराला लागलं. सुदैवाने रिकामं होतं. सरकारने खाली स्टेशनाजवळ जागा आखून दिल्या, खुंट्या ठोकल्या. त्या खुंट्यांना आता शेळ्या अंग घासत होत्या. वरून एकही माणूस उतरलं नाही. आणि सांतिनाची बहीण रोझारिया तिच्या तान्ह्या बाळाला घेऊन अजून त्या भिंतीपाशी झोपत होती, जिच्या भेगेत मूठ जाते.

पाऊस आठ-पंधरा दिवसांवर आला होता.

सांतिनाने काय केलं नव्हतं? आळीतल्या घराघरांत जाऊन भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. काच तडकली की समजायचं, टेकडी सरकते आहे. इतकं सोपं. पण काल्तास्पीनात घरात काच फुटणं म्हणजे मरणाला आवतण. बायकांनी एकमेकींना विचारून, पट्ट्या तडकायच्या आतच अलगद सोडवल्या, पुसल्या, आणि चर्चमध्ये संताच्या पायाशी नेऊन ठेवल्या. वर सांतिनालाच समजावलं की बघ, एकही फुटली नाही, म्हणजे टेकडी जागच्या जागी आहे.

त्या दिवशी ती भर रस्त्यात हसली होती. मग घरी जाऊन रडली होती.

“तुम्ही सांगा,” ती आता म्हणाली. “तुम्ही म्हणालात तर उतरतील.”

“मी म्हणालो म्हणून उतरतील. आणि मी मेलो की?”

“परत चढतील. तोवर पावसाळा तर निघेल.”

फ्रा सिल्वेस्त्रो हसले. उत्तर त्यांना आवडलं असावं. त्यांनी परात बाजूला सारली.

“मला एक सांग. गाव वर का आहे? तू शिकून आली आहेस.”

सांतिनाच्या कपाळावर आठी चढली. परीक्षा द्यायला ती आली नव्हती. पण म्हाताऱ्याशी बोलायचं तर त्याच्या वाटेनेच जावं लागतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणून तिने भराभर सांगून टाकलं. कड्यातल्या त्या चौकोनी गुहा, जिथे आता लोक कोंबड्या कोंडतात, त्या पहिल्या लोकांच्या कबरी. ते सिकेल. किनाऱ्यावर ग्रीकांची गलबतं लागली तसे ते भिऊन आत आत सरकले आणि इथे चढले. मग ग्रीकही चढून आले. मग रोमन, त्यांना फक्त गहू हवा होता. मग अरब, त्यांनी किल्ला बांधला, पाण्याची टाकी खोदली, बदामाची झाडं लावली. मग नॉर्मन, त्यांनी अरबांच्याच दगडांचा बुरूज केला. खाली मैदानात तर हिवतापाने माणसं पटापट मरायची, म्हणून उतरायची सोयच नव्हती.

“भीतीने चढले, सगळे भीतीने,” ती म्हणाली. “आता ग्रीक नाहीत, चाचे नाहीत. युद्धानंतर औषध फवारून डाससुद्धा संपवले. भीती खाली उरलेली नाही. ती आता वर आहे.”

“चांगलं सांगतेस.”

“मला शाबासकी नको आहे.”

“तो पहिला… जो वर चढला. त्याला कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही. वर होतंच कोण?”

“म्हातारा असेल की तरणा?”

सांतिनाला हसू आलं. “तरणाच. म्हातारे खालीच अडून बसले असतील. बापजाद्यांची जमीन आहे, देव बघून घेईल, असं म्हणत.”

“हं.”

फ्रा सिल्वेस्त्रोंनी चुलीतलं एक लाकूड आत सारलं.

“म्हणजे हे गाव म्हाताऱ्यांनी वसवलेलं नाही,” ते म्हणाले.

सांतिनाने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

“आणि ग्रीक?” त्यांनी विचारलं. “ते नवं गाव वसवायला निघाले की बरोबर काय घेत?”

“बियाणं. देव. आणि आपल्या मूळ गावच्या चुलीतला विस्तव, मडक्यात घालून.”

“विस्तव कशाला? त्यांना आग पाडता येत नव्हती?”

काल्तास्पीनाच्या पोरीला ते कळायला कॉलेज लागत नाही. या गावात नव्या घराची चूल काडी ओढून कुणी पेटवत नाही. नवी नवरी मठाच्या या चुलीतून दोन निखारे गाडग्यात घेते आणि घरापर्यंत हातात नेते, वाटेत खाली टेकवायचे नाहीत. तिच्यामागून अख्खी आळी भांडीकुंडी घेऊन चालते. आणि दर हिवाळ्याच्या तोंडाशी, सान मार्तिनोच्या सणाला, घरोघरच्या चुली विझवून, राख काढून, सारवून, इथूनच नवा विस्तव न्यायचा. मठाची चूल कधी विझलेली कुणाच्या ऐकण्यात नाही. नॉर्मन आले तेव्हाही ती पेटलेली होती, असं म्हणतात.

सान मार्तिनो पुढच्याच आठवड्यात होता.

“सांतिना,” फ्रा सिल्वेस्त्रो म्हणाले, “तुझी चूल कुठे मांडणार आहेस?”

“माझी?”

“तुझी.”

“मला कातानियात शाळेवर नेमणूक मिळाली आहे. सोमवारी हजर व्हायचं आहे. खोलीसुद्धा…”

ती एकदम उसळली.

“त्याचा इथे काय संबंध? मी कुठे राहते हे टेकडी विचारत नाही. माती ओली झाली की ती घसरणार. मी कातानियात असले तरी घसरणार.”

“खरं आहे. टेकडी नाही विचारत.” त्यांनी कपाळावरचा घाम बाहीने पुसला. “माणसं विचारतात.”

विचारलं होतं. चिच्चोकाकाने, आळीतल्या सगळ्यांत जुन्या कुंभाराने, चाक न थांबवता विचारलं होतं, की त्या खुंट्यांमधली तुझी कुठली गं? तिने त्याला मातीचे थर समजावून सांगितले होते. तो मान डोलवत ऐकत राहिला, आणि तिची पाठ वळताच शेजाऱ्याला म्हणाला होता, पोरगी हुशार आहे, कातानियाची गाडी चुकवायची नाही. ते तिच्या कानावर आलं होतं. तेव्हा तिला फक्त राग आला होता.

आता रागाच्या खालचं काहीतरी हाताला लागलं, आणि ते जास्त चटका देणारं होतं.

चुलीत एक ढलपी तडतडली.

सांतिनाला डोळ्यांपुढे सोमवार दिसला. शाळेचं दार, खडू, समोर मुली. ही नेमणूक सोडली तर यंदा दुसरी नाही, कदाचित कधीच नाही. आई काय म्हणेल, हेही दिसलं. मग रोझारियाच्या घरची भिंत दिसली.

ती उठली. फळीवरचं एक मातीचं गाडगं काढलं, फुंकून धूळ उडवली आणि चुलीपुढे उकिडवी बसली.

“विस्तव द्या,” ती म्हणाली.

“आगपेटी मिळते की स्टेशनावर.”

“आगपेटीमागून कुणी चालत येत नाही.”

फ्रा सिल्वेस्त्रोंनी तिच्याकडे पाहिलं. मघापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग चिमटा घेतला.

दोन निखारे पडले. रिवाज तिथे संपतो. पण म्हातारा थांबला नाही. तिसरा, चौथा, मग मोजणंच नाही. राखेत खोलवर पुरलेले, धुमसणारे, बारीकसारीक, सगळे त्यांनी उकरून उकरून गाडग्यात भरले. गाडगं तापलं. सांतिनाने पदरासारखा स्कर्टचा घोळ गोळा करून त्याखाली धरला.

“पुरे, फ्रा. एवढे कशाला?”

त्यांनी हरभऱ्यांसाठी आणलेली पाण्याची घागर उचलली आणि चुलीत ओतली.

चूल चर्रकन ओरडली. खोलीभर पांढरी वाफ भरली. वाफ उतरली तेव्हा आत काळा चिखल होता, बाकी काही नव्हतं.

सांतिना पाहतच राहिली. तिच्या तोंडून जे निघालं, ते तिने जन्मात कधी कुणाला विचारलं नव्हतं.

“लोक काय म्हणतील?”

“पुढच्या आठवड्यात सणाचा विस्तव लागेल, तेव्हा कळेल.” ते पुन्हा परातीशी जाऊन बसले. “जा. हात भाजतील तुझे.”

भाजतच होते. ती दारापर्यंत गेली. समोर खेचरांची वाट वळणं घेत खाली उतरत होती. कुंभारआळीच्या मधून, चिच्चोकाकाच्या चाकासमोरून, रोझारियाच्या उंबऱ्यासमोरून, आणि पुढे मैदानात, खुंट्यांपर्यंत. भर दिवसा, सगळ्यांच्या देखत जायचं होतं. आणि गाडगं कुठे टेकवायचं नव्हतं.

तिने उंबरा ओलांडला. मग मागे वळली.

“फ्रा… कुणीच नाही आलं तर?”

म्हाताऱ्याने हरभऱ्यातून एक खडा वेचला.

“तर काही दिवस,” ते म्हणाले, “गाव एका चुलीचं असेल.”