येतो म्हणून निघालेला

"आणखी काय सोडायचं राहिलंय माझं, बुवा?"

यज्ञेश्वरने हा प्रश्न सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला. होडी खाडीच्या मुखापाशी आली होती. धुंडीबुवा समोर दिसणाऱ्या मोरखोलकडे बघत राहिले.

अकरा वर्षं तो बुवांच्या मागे फिरत होता. घर सोडलं, शेत सोडलं, जेवणातलं मीठसुद्धा सोडलं. मोरखोलच्या टेकडीवर बुवांच्या गुरूंची समाधी होती. आज तिथे आपल्याला भगवी छाटी मिळणार, अशी त्याची खात्री होती.

"गेल्या महिन्यात आई गेल्याचा निरोप आला," तो म्हणाला. "डोळ्यांतून टिपूस काढलं नाही मी. तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं."

एवढंच. यज्ञेश्वर खट्टू झाला. शाबासकीची सवय वाईटच, आणि संन्यासी होऊ बघणाऱ्याला तर फारच वाईट. मग उपदेश करायला त्याने दुसरं कुणी शोधलं.

समोर मोरखोलची कार्मेलीनबाय बसली होती. मोरखोलची माणसं जरा निराळीच. घरात दर्यापारची जुनी भाषा बोलतात, गळ्यात क्रूस घालतात आणि नवी होडी पाण्यात लोटताना नारळही फोडतात. अलीकडच्या धक्क्यावर लेकीचा निरोप घेताना ही बाई चक्क "जाते" म्हणाली होती. ते यज्ञेश्वरला खटकलं होतं.

"बाई, जाते म्हणू नये. अशुभ असतं. येते म्हणावं."

"तुमच्यात म्हणतात," म्हातारी म्हणाली. "आमच्यात, जो येणार तोच येतो म्हणतो."

"अहो, बोलायची पद्धत ती. नुसता शब्द."

"तुला शब्द, बाबा. माझा घोव, लेकीचा बाप, बोटीवर गेला तो परतलाच नाही. दारात उभा राहून जातो म्हणाला. मी रडले, चार दिवसांनी जेवले. माझ्या बहिणीचा पोर येतो म्हणून गेला… ती अजून त्याचं ताट वाढते. वीस वर्षं झाली. मग उचलून कोंबड्यांना घालते."



"घर सोडलंस तेव्हा आईला काय म्हणालास?" बुवांनी विचारलं.

यज्ञेश्वरला आठवावं लागलं नाही. आई भाकरी थापत होती. मागे न बघताच तिने विचारलं होतं, "कुठे रे?"

"येतो म्हणालो…"

"सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर ती रडली असती. मला निघवलं नसतं."



निरोप घेऊन आलेला शेजारी म्हणाला होता, "काकू शेवटपर्यंत सांगायच्या, बाहेर गेलाय, येईल एवढ्यात." तेव्हा यज्ञेश्वरने त्या शेजाऱ्याला मोहमायेवर छोटंसं प्रवचन ऐकवलं होतं. आता ते प्रवचन त्याला शब्दन् शब्द आठवलं, आणि स्वतःची शिसारी आली. आणि मग तो रडला. चारचौघांत, तोंडही न झाकता, हुंदके देऊन रडला.

होडी मोरखोलच्या धक्क्याला लागली. कार्मेलीनबायने उतरताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. बुवाही उतरले. यज्ञेश्वर डोळे पुसत उठला, तसा बुवांनी हाताने त्याला खाली बसवलं आणि होडी हाकणाऱ्या तांडेलाला म्हणाले, "याला परत ने. गावी जायचंय त्याला."

"तिथे कुणाला भेटू, बुवा? घराला कुलूप आहे. कुणी नाही उरलं…"

"आईला सांगून ये. जातो म्हणून."

"पण मी तर कधीच गेलोय, बुवा! अकरा वर्षं झाली!"

बुवा टेकडीची वाट चढू लागले होते. ते थांबले, वळले.

"जातो म्हणायला आधी यावं लागतं, बाबा."