उकळतं पाणी आणि झोपलेलं यीस्ट

शाळेतल्या वस्तू एकमेकींशी बोलायच्या, त्या काळची ही गोष्ट. प्रयोगशाळेत खरातबाईंनी दोन चंबूंमध्ये साखरेचं पाणी घेतलं, एकात उकळतं आणि दुसऱ्यात कोमट. दोन्हींत यीस्टचे कोरडे दाणे टाकून त्यांनी बुचं लावली आणि प्रत्येक चंबूतून एक नळी चुन्याच्या निवळीत सोडली.

"हे दाणे मेलेत वाटतं," कोमट पाण्याजवळची निवळी म्हणाली.

"झोपलेत गं. उठतील सावकाश," कोमट पाणी म्हणालं.

उकळतं पाणी हसलं. "सावकाश कशाला? माझे दाणे मी आत्ता उठवते की नाही, बघच!" आणि ते खदखदत दाण्यांवर ओरडू लागलं, "उठा! उठा!"

कोमट पाणी आपल्या दाण्यांना कुशीत घेऊन बसलं. बऱ्याच वेळानं एक दाणा कुरकुरला, "भूक लागली." त्यानं साखर खाल्ली आणि श्वास सोडला. मग बाकीचेही जागे झाले. बुडबुडे नळीतून निवळीत शिरले आणि ती दुधासारखी पांढरी झाली.

"अगंबाई, जिवंत आहेत की!" ती म्हणाली.

तोवर उकळतं पाणीही निवलं होतं. त्यानं आपल्या दाण्यांना अगदी हळू, मायेनं हाक मारली. एकानंही ओ दिली नाही.