चौकीपुरता लंगडा

एकदा एका राजाच्या मनात आले, की आपल्या राज्यातून कोण बाहेर जातो आणि कोण आत येतो याची नोंद असायला हवी. इच्छा काही वाईट नव्हती. राजांच्या बहुतेक इच्छा सुरुवातीला वाईट नसतातच. राज्याच्या सीमेवर एक नदी होती आणि तिच्यावर ये-जा करायला दगडी सांडवा होता. दोन्ही काठांवरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडे लेकी देत, एकमेकांच्या बाजाराला जात आणि भांडणेही आपापसात मिटवत. त्या सांडव्याच्या तोंडाशी चौकी बसली आणि हुकूम निघाला, की यापुढे पलीकडे जायचे तर दाखला लागेल. दाखल्यावर नाव, वडिलांचे नाव, गाव आणि अंगावरची एक ओळखीची खूण.

अलीकडच्या काठावर एक वृद्ध वैद्य राहत. त्यांच्याकडे शिकणारा एक शिष्य पलीकडच्या गावचा होता. त्याची आई तिथे एकटीच असे, आणि दर पौर्णिमेला तो नदी ओलांडून तिला भेटून येई. दाखले लिहायला दरबाराचा लेखनिक आला, त्या दिवशी नेमका शिष्याच्या डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता आणि तो लंगडत रांगेत उभा होता. लेखनिकाने त्याच्या चेहऱ्यावर तीळ शोधला, कपाळावर व्रण शोधला, काहीच सापडेना. मग त्याचे लक्ष पायाकडे गेले आणि त्याने समाधानाने लिहिले, डाव्या पायाने लंगडा. शिष्याला हसू आले. काटा उद्या निघेल, असे त्याने सांगूनही पाहिले. लेखनिकाचे म्हणणे, की तो आज लिहीत होता, उद्या नव्हे.

काटा दुसऱ्या दिवशी खरोखरच निघाला. वैद्यांनीच तो काढला. पौर्णिमेला शिष्य ताठ चालत चौकीवर गेला आणि शिपायाने त्याला परत फिरवले. दाखल्यातला माणूस लंगडा, हा धडधाकट, म्हणजे हा तो नव्हे. शिष्याने दुरुस्तीची चौकशी केली. तेव्हा कळले, की दुरुस्ती होते, पण त्यासाठी लेखनिकाची चूक सिद्ध करावी लागते. आणि दरबाराचा लेखनिक चुकत नाही, असा नियमच आहे. शिष्य जवळच्या चिंचेमागे गेला, थोडा वेळ थांबला आणि लंगडत परत आला. शिपायाने दाखला पाहिला, पाय पाहिला आणि त्याला सोडले.

त्या चिंचेखाली एक न्हावी बसत असे. चौकी झाल्यापासून त्याचे बरे चालले होते. एक तेलाचा व्यापारी तिथे शिष्याला नेहमी भेटे. दाखला लिहिला गेला तेव्हा व्यापाऱ्याचे वडील नुकतेच वारले होते, म्हणून त्याची खूण 'मुंडन केलेला' अशी पडली होती. तेव्हापासून प्रत्येक खेपेला तो न्हाव्यापुढे डोके वाकवून बसे.

"सवय झाली आता," तो एकदा शिष्याला म्हणाला. "फक्त वस्तरा गार लागला की वाटतं, वडील आजच गेले."

एवढे बोलून त्याने डोक्यावरून हात फिरवला आणि तेलाचे बुधले लादलेले गाढव पुढे हाकले.

वर्षे गेली. सवय शिष्यालाही झाली. सुरुवातीला तो चौकी आली की लंगडू लागे आणि सांडवा संपला की थांबे. मग शिपायाने मागून पाहिले तर, या धास्तीने तो वळणापर्यंत लंगडू लागला. मग चौकीचा एखादा माणूस बाजारात भेटेल म्हणून बाजारापर्यंत. शेवटी विहिरीवर जाताना, खलात औषध कुटायला उठताना, पाय त्याला न विचारताच मुडपू लागला. हे त्याच्या लक्षात आले नाही. ते आईमुळे कळले.

आईची दृष्टी अलीकडे मंदावली होती. कोण आले हे ती पावलांवरून ओळखी, आणि लेकाचे पाऊल तर कुंपणापासूनच. त्याने दार लोटायच्या आत आतून "आलास?" असे येई. एका पौर्णिमेला तो अंगणात शिरला आणि आतून आवाज आला, "कोण आहे?"

"मी आहे, आई," तो म्हणाला.

"तू होय. मला वाटलं, कुणी परकं माणूस वाट चुकलं."

तिच्या मनात काही नव्हते. तिने हसतच पान वाढले. पण शिष्य अर्ध्या पानावरून उठला. चौकीवर ओळख पटवायची त्याला सवय होती. आपल्या दारात ती पटवावी लागली, याचे त्याला फार वाईट वाटले.

परत आल्यावर त्याने गुरूंना पाय दाखवला. वैद्यांनी टाच दाबली, घोटा फिरवला, गुडघा वाकवून पाहिला. हाड, शीर, सांधा, सगळे निरोगी होते. लेप लावायला जागाच नव्हती. शिष्याने नीट चालायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण लक्ष असेपर्यंत पाऊल सरळ पडे आणि लक्ष सुटले की पुन्हा वाकडे. शेवटी त्याने मन घट्ट करून सांगितले, की परक्यासारखे आईच्या दारात जाण्यापेक्षा आपण यापुढे न गेलेलेच बरे. वैद्यांनी ऐकून घेतले आणि पौर्णिमेला आपणही सोबत येऊ, एवढेच म्हणाले. त्यांच्या दाखल्यावरची खूण पांढरी दाढी ही होती, आणि ती बदलण्याची भीती नव्हती.

ठरल्या दिवशी दोघे निघाले. चौकी दिसू लागताच वैद्य वाकले. त्यांनी वाटेवरचा बोराएवढा टोकदार खडा उचलला, शिष्याला डावी वहाण काढायला लावली आणि टाच टेकते नेमक्या त्या जागी तो ठेवला. शिष्य बघतच राहिला. ज्या हातांनी त्या टाचेतला काटा काढला होता, तेच हात आता तिच्याखाली खडा ठेवत होते. गुरूंचे वय झाले, बुद्धी चळली की काय, असेही त्याच्या मनात येऊन गेले. तरी त्याने वहाण घातली.

खडा पहिल्याच पावलाला बोचला. शिष्य लंगडला, आणि पुष्कळ वर्षांनी खरा लंगडला. शिपायाने दाखला पाहिला, पाय पाहिला, दोघांना सोडले. सांडव्याच्या प्रत्येक दगडावर कळ टाचेतून वर येत होती. पलीकडचा काठ लागला, चौकी झाडीआड गेली, तसे वैद्य थांबले.

"काढ आता तो, आणि दे पाण्यात टाकून."

शिष्याने वहाण झटकली. खडा पाण्यात गेला. टाच एकदम मोकळी झाली, आणि गुरूंनी खूण करताच तो चालू लागला. वळण आले, गेले. पाऊल सरळ पडत होते. त्याने मुद्दाम लक्ष काढून घेतले, तरीही ते सरळच पडत होते. तो मागे आला आणि हे कसे झाले, असे त्याने विचारले.

"तुझ्या पायात काही नव्हतं, म्हणून काढण्यासारखंही काही नव्हतं," वैद्य म्हणाले. "होती ती नुसती धास्ती, आणि कुठं थांबायचं हे धास्तीला कळत नाही. राजाची चौकी सांडव्याएवढी. तू ती रोज थोडी थोडी ओढत आईच्या अंगणात नेलीस. एवढा हुकूम तर राजानंही केला नव्हता. खडा आहे तोवर बोचतो, काढला की संपला. चौकीपुरता घालावा, चौकी सरली की काढावा."

"पण दाखला खोटा तो खोटाच राहिला ना, गुरुजी?"

"राहिला. तो अन्यायच आहे, आणि सवय झाली म्हणून त्याला दुसरं नाव देऊ नकोस. मी दरबारात अर्ज केला आहे, पुन्हा करीन. तूही कर. पण 'मी लंगडा नाही' असं दरबारापुढं सांगायला जाशील, त्या दिवशी तू खरोखरच लंगडा झालेला असशील, तर कोण ऐकणार?"

वैद्य मुळ्या शोधायला काठावरच थांबले आणि शिष्य पुढे निघाला. परतीच्या वेळी खडा पुन्हा लागणार होता, आणि काठावर खड्यांना तोटा नव्हता. या विचाराने त्याला राग आला. आजवर सवयीपायी तोही येईनासा झाला होता, हे ध्यानात आल्यावर त्याला त्या रागाचेही बरे वाटले.

कुंपणाशी तो क्षणभर घुटमळला. मग अंगणात शिरला आणि नेहमीसारखा चालत दाराकडे गेला. अजून दाराला हात लागला नव्हता, तोच आतून आवाज आला.

"आलास? हातपाय धुऊन घे, भाकरी टाकते."