नखाएवढी फट

एका राज्यात नद्या वाट विचारून वाहत आणि पोपटांची साक्ष दरबारात ग्राह्य धरली जाई. त्या राज्यात नागोजी नावाचा दवंडीवाला होता. आवाज असा की सात वेशींपलीकडची गुरे मान वर करीत. राजा बोले, नागोजी गर्जे. विचार करणे त्याच्या कामात नव्हते.

एके दिवशी दरबारात जादूगार आला. त्याने टाळी वाजवली. रानातली झाडे चालत गावात आली आणि घरे होऊन उभी राहिली. दारे अशी बसली की फटीतून केस जाईना. राजा भुलला. प्रधान म्हणाला, "मग सुतार हवेत कशाला? खिळा ठोकायला काय शिकावे लागते?" जन्मात एक खिळा सरळ न ठोकलेल्या माणसाचे हे मत, त्याचेच फर्मान झाले. नागोजीने ते चौकाचौकात गर्जून सांगितले. जादूगाराने सुतारांवर पाणी शिंपडले, आणि ते सुतारपक्षी होऊन रानात उडून गेले.

मग हवा दमट झाली. दारे फुगून बंद झाली, घरांना आपले झाडपण आठवले आणि ती पुन्हा खोडे होऊ लागली. भिंती आत सरकू लागल्या. नागोजीची बायको तानू आतच राहिली. कुऱ्हाड चालेना. एक ढोली तेवढी उघडी होती. तिच्यातून तो भाकरी देई.

"अहो, भिंत रोज बोटभर पुढं येतेय," तानू म्हणाली. "तुम्ही ओरडून काही होतंय का बघा."

दरबारचा म्हातारा पोपट म्हणाला, "शिकल्या हाताने केलेली दारचौकट खोडाला लावा, खोड वाट देईल. दार उघडून माणूस बाहेर आला की शाप फिटेल. नव्वद दिवसांनी मात्र खोड भरीव होईल."

नागोजी रानात गेला. जुन्या सागावर दगडोबा मेस्त्री टकटक करीत होता. मिशी गेली होती, लाल तुरा आला होता.

"मेस्त्री, मला शिकवा."

"खिळा ठोकायला काय शिकायचं? चौकात कोण ओरडलं होतं?"

"मीच."

"आवाज छान लागला होता. हात दाखव." त्याने चोचीने तळवे चाचपले. "लोण्याचे आहेत. पण बोटं दहा आहेत. रोज संध्याकाळी दहाच भरली पाहिजेत, हा पहिला नियम."

मग त्याने तीन कामे सांगितली. पहिले, पटाशीला अशी धार लावायची की मनगटावरची लव निघावी. त्यात महिना गेला. दुसरे, रेघ मारून शंभर फळ्या कापायच्या आणि रेघ फळीवर शाबूत ठेवायची. करवत जेवढे खाते तेवढे तिला टाकाऊ बाजूने खाऊ द्यायचे. नव्याण्णव बिघडल्या. तिसरे, बिनखिळ्याची चौकट जुळवायची, एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत. ती कोपऱ्यात काटकोन मापायच्या गुण्याला पुरी उतरली, तेव्हा पंचाऐंशी दिवस झाले होते.

नागोजीने त्या चौकटीत बसणारे दार घडवले. फटीतून केस जाईना. आनंदाच्या भरात मेस्त्रीला न दाखवताच त्याने ते खोडाला लावले. खोडाने वाट दिली. तानूचा हात दिसला, बांगडी दिसली. तेवढ्यात दार फुगले, अडकले आणि खोडाने ते गिळून टाकले.

तो रडत रानात आला.

"दार केलंस की झाकण?" दगडोबा म्हणाला. "तोडलं तरी लाकूड हवा पितं. त्याला अंग हलवायला नखाएवढी जागा ठेवायची असते. ती फट म्हणजे चूक नव्हे, बाबा."

"आता तीनच दिवस आहेत."

"मग रडतोस कशाला? माझं पहिलं दार सासुरवाडीत अडकलं होतं. सासरे आत होते. चार दिवस फार सुखाचे गेले." पक्षी त्याच्या खांद्यावर येऊन बसला. "चल, रंधा घे. मी इथंच आहे."

नव्वदाव्या दिवशी नागोजीने दुसरे दार लावले. दुपार झाली, दार फुगले, नखाएवढी जागा भरत आली, पण दार अडकले नाही. त्याने बोट लावले. दार उघडले. तानू कुबड काढून बाहेर आली आणि हळूहळू सरळ झाली.

त्या क्षणी खोडांची पुन्हा घरे झाली. नागोजीचा खांदा एकाएकी जड झाला, कारण त्यावर मिशीवाला दगडोबा बसला होता.

"उतरा, मेस्त्री," नागोजी म्हणाला.

राजाने सुतारांची माफी मागितली. जादूगार आपल्याच महालात अडकला होता. त्याचे दार त्यानेच करावे, असे ठरले. प्रधान पटाशीला धार लावायला बसला. नागोजीने नवी दवंडी दिली: "ऐका हो ऐका! खिळा ठोकायलासुद्धा शिकावं लागतं!" गुरांनी मान वर केली.

घरी तानूने दार दोनदा लावून पाहिले, दोनदा उघडून पाहिले.

"वारा येतोय," ती म्हणाली.

"येऊ दे. जागा ठेवलीय."

त्या फटीतून अजून वारा येतो. ही गोष्ट त्यानेच बाहेर आणली.